गोंडस चेहऱ्याची साक्ष



सुट्टीत घरोघरी चित्रपट पाहिले जातात, म्हणून या अंकात त्यांच्याविषयीच लिहितो. विषय मात्र अंगावर काटा आणणारा आहे: दुष्ट मुलांचे चित्रपट.

यातला जुना आणि गाजलेला म्हणजे ‘द बॅड सीड’ (१९५६). दोन वेण्यांची, गोड बोलणारी आठ वर्षांची ऱ्होडा हस्ताक्षराच्या पदकासाठी वर्गमित्राचा जीव घेते. विल्यम मार्चच्या १९५४ च्या मूळ कादंबरीत शेवटी आई मरते आणि मुलगी सहीसलामत सुटते. गुन्हेगार सुटलेला हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीला चालत नसे, म्हणून पडद्यावर ऱ्होडावर वीज पडते. वर कलाकारांची ओळख करून देताना चित्रपटातली आई तिला आडवी घेऊन धपाटे घालते!

‘द गुड सन’ (१९९३) मध्ये ‘होम अलोन’चा लाडका मॅकॉली कल्किन खलनायक झाला. त्याचा चुलतभाऊ मार्क खरे सांगत असतो, पण त्याची आई नुकतीच गेलेली असल्याने मोठ्यांना ते दुःखाच्या भरातले बोलणे वाटते. आमच्या मते चित्रपटातली खरी भीती इथे आहे. एक मूल वाईट वागते हे भयंकर खरेच, पण दुसऱ्याचे कोणी ऐकतच नाही, हे त्याहून भयंकर.

मराठीतल्या ‘लपाछपी’ने (२०१७) हेच उलटे करून दाखवले. उसाच्या फडातल्या घरात गर्भवती नायिकेला मुलांच्या खेळाची धास्ती वाटते, पण पाप निघते ते मोठ्यांचे, मुलगी नको म्हणणाऱ्यांचे.

आपल्या गवळणींतही यशोदेकडे तक्रारी येतात आणि माउली लेकाचीच बाजू घेते. तिथे आपण हसतो, कारण चोर साक्षात भगवंत असतो. आपल्या घरी तशी सोय नाही.

हे सारे आठवायला कारण घडले. गणेशोत्सवाच्या तालमीत एका लहानग्याला खुर्च्यांच्या खोलीत कोणीतरी कोंडले. तो रडत बाहेर आला आणि त्याने एका मोठ्या मुलाचे नाव सांगितले. काही पालक म्हणाले, “छे, तो किती छान श्लोक म्हणतो, तो असे करणारच नाही!” काहींनी चहा होईपर्यंत ‘खाण तशी माती’ म्हणत त्याच्या घराण्याचा उद्धार केला. लहानग्याला मात्र कोणी नीट विचारले नाही. तो पुढे तालमीला आलाच नाही.

आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. दोन पांढऱ्या भुकट्या नुसत्या पाहून ओळखू नयेत, तपासाव्यात, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा. आणि पदार्थ कसा वागेल हे त्याच्या जातीइतकेच उष्णतेवर, दाबावर आणि सोबतीवरही ठरते. ‘बॅड सीड’मधला रक्तातून उतरणारा दुष्टपणा म्हणूनच आम्हाला पटत नाही.

कायदा अधिक समंजस आहे. भारतात सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बारा वयात त्याची समज पाहतात. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात बालन्यायालयाची किमान वयोमर्यादा अवघी सहा होती. २०२१ च्या कायद्याने ती दहा झाली, गंभीर गुन्ह्यांत मात्र आठ. म्हणजे मूल लहान म्हणून शिक्षेत सूट. पण लहान म्हणून काही घडलेच नाही, असे कायदा म्हणत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. तालमीला प्रत्येक खोलीत दोन मोठी माणसे असावीत. तक्रार करणाऱ्या मुलाचे म्हणणे आधी, शांतपणे आणि पूर्ण ऐकावे. ज्याचे नाव आले त्यालाही बाजूला घेऊन विचारावे, चारचौघांत नव्हे. आणि त्याने केले असेल तर त्याला भरपाईचे काम द्यावे, बिरुद नव्हे.

मॉरिसव्हिलमध्ये आपली घरे एकमेकांपासून फार लांब नाहीत. तो लहानगा तुमच्या ओळखीचा असेल, तर या शनिवारी त्याला खेळायला बोलवा. मोठ्यालाही बोलवा, पण लक्ष असू द्या.