बटण दिसते, पण चालते का?

शहाड म्हटले की सेंच्युरी रेयॉनचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. पण आम्हाला आज बोलायचे आहे ते कारखान्याबाहेरच्या छोट्या दुकानदार व कारागिरांविषयी. त्यांची मुले मोबाईलचे अ‍ॅप बनवायला शिकू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र या शिक्षणातली एक उणीव आम्हाला खटकते.

नवशिका मुलगा रंगीत पडदा तयार करतो, त्यावर 'ऑर्डर द्या' असे बटण ठेवतो आणि अ‍ॅप झाले असे समजतो. बटण दाबले तर काहीच होत नाही! भिंतीवर बोर्ड बसवला, पण आतून वायर ओढलीच नाही, तर दिवा कसा लागेल?

अँड्रॉइडच्या प्रचलित पद्धतीत पडद्याची मांडणी एक्सएमएल फाइलमध्ये असते आणि काम करणारा कोड जावा किंवा कोटलिन भाषेत, वेगळ्या फाइलमध्ये. त्यांना जोडण्यासाठी प्रथम मांडणीत बटणाला स्वतःचा आयडी द्यावा. मग कोडमध्ये 'सेट कंटेंट व्ह्यू'ने पडदा उभा करून 'फाइंड व्ह्यू बाय आयडी'ने ते बटण शोधावे. हा क्रम उलटला तर बटण सापडत नाही व अ‍ॅप बंद पडते. शेवटी 'सेट ऑन क्लिक लिसनर' लावून, बटण दाबल्यावर काय करायचे ते लिहावे. २०२१ साली आलेल्या 'जेटपॅक कंपोज'मध्ये मांडणी व काम दोन्ही कोटलिनमध्येच लिहिता येते; पण बटणाने काय करावे हे तिथेही आपल्यालाच सांगावे लागते.

समजा, एखाद्या शिंप्याने घाम गाळून साठवलेले पैसे अ‍ॅपसाठी मोजले. गिऱ्हाइकाने बटण दाबले आणि काही घडले नाही, तर ते तक्रार करीत बसत नाही. दुसऱ्या दुकानाची वाट धरते. पैसेही गेले व गिऱ्हाइकही गेले.

म्हणून व्यापारी बंधूंना आमचे सांगणे आहे की, पूर्ण पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येक बटण स्वतः दाबून पाहा. मुलाला क्लासला घालताना, एक बटण कोडला जोडायला केव्हा शिकवणार, हे आधी विचारा. 'अँड्रॉइड स्टुडिओ' मोफत मिळतो. घरी संगणक असेल तर सरावाला वेगळा खर्च नाही. मुलाने दहा देखणे पडदे दाखवले तरी हुरळून जाऊ नका. एक बटण चालवून दाखव म्हणा. त्याला काम किती आले, ते तिथेच कळेल.