संमतीची सही आणि रुग्णाचा चेहरा

मानसोपचाराच्या खोलीत काय घडते, हे फार काळ केवळ उपचारकाच्या स्मरणावर अवलंबून होते. भेटीनंतर तो टिपणे लिहीत असे आणि त्यांतून नेमके त्याचेच चुकलेले शब्द गळून पडत. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली एका व्यक्तीच्या आठ भेटींचे ध्वनिमुद्रित संभाषण टोपणनावाने ग्रंथात छापले आणि या व्यवसायाचे दावे पडताळून पाहण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा संशोधनासाठी चित्रण नकोच, असे म्हणणे रुग्णाच्या हिताचे नव्हे. अकुशल उपचारकाला बंद दरवाजाइतके दुसरे संरक्षण नाही.

परंतु छापील संभाषणातील माणसाला टोपणनाव देता येते, चित्रफितीतील चेहऱ्याला देता येत नाही. १९६४ साली रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस या तिघांनी 'ग्लोरिया' नामक एकाच स्त्रीशी केलेल्या भेटी कॅमेऱ्यासमोर झाल्या. हेतू शिक्षणाचा होता. पुढे तो चित्रपट चित्रपटगृहांत आणि दूरचित्रवाणीवरही दाखवण्यात आला. तिच्या खाजगी आयुष्यातील प्रश्नांची चर्चा अद्यापही वर्गावर्गांतून होत असते.

खरा पेच संमतीच्या स्वरूपातच आहे. सही घेतली जाते ती भेटीपूर्वी. आणि तासाभरात आपण काय बोलून बसणार, हे त्या वेळी खुद्द रुग्णालाही ठाऊक नसते. माल न पाहता केलेल्या सौद्याला व्यवहारात कोणी शहाणपण म्हणत नाही. शिवाय सौदा बरोबरीच्यांचा नसतो. सवलतीच्या दरात उपचार घेणारा विद्यार्थी, ज्याच्या हाती आपले बरे होणे आहे त्यालाच नकार कसा देईल? आणि ज्यांची नावे त्या संभाषणात निघतात ती सासू, तो भाऊ, तो वरिष्ठ, यांची संमती तर कोणी विचारीतही नाही.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने संशोधनासाठी मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवली असून, संशोधन चालू असेतो ती मागे घेण्याचा हक्कही दिला आहे. संशोधन संपते, चित्रफीत मात्र उरते. उलट २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनाला, काही अटींवर का होईना, सूटच दिलेली आहे. फिनलंडमध्ये २०२० साली एका मानसोपचार संस्थेतील हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्याचे उघड झाले आणि रुग्णांना खंडणीच्या धमक्या आल्या. त्या तर नुसत्या लिखित नोंदी होत्या.

यावर उपाय अगदीच दुष्कर आहेत असे नाही. संमती उपचारकाने न मागता उपचाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीने मागावी. भेट झाल्यावर, चित्रण पाहण्याची संधी देऊन, ती पुन्हा घ्यावी. अध्यापनासाठी वेगळी सही असावी. फीत नष्ट करण्याची तारीख संमतीपत्रावरच लिहिलेली असावी आणि सुरक्षित जतनाचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात प्रथमपासून धरावा. तो परवडत नसेल, तर ध्वनिमुद्रणावर भागवावे. पुष्कळशा प्रश्नांना तेवढे पुरते.