खोगीर सरकते, ते का?

या पानावर आपण बैलाच्या जुवाविषयी, गाईच्या गोठ्याविषयी पुष्कळदा बोललो. घोड्याची पाळी क्वचित येते. पण अजूनही धनगराच्या वाड्यावर तट्टू असते, वरातीची घोडी बाळगून पोट भरणारी घरे आहेत, माथेरानला तर मोटारी नसल्यामुळे घोड्यावरच कितीकांचा संसार चालतो. आणि सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहून हौसेने शिंगरू घेऊन येणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात दोन-चार निघतातच. अशा घरांतून एक तक्रार नेहमी कानावर येते : "साहेब, खोगीर एका बाजूला कलते. तंग कितीही आवळला तरी राहत नाही."

ही तक्रार हलकी धरू नका. खोगीर कलून पोटाखाली गेले की घोडे बिथरते. पाठीवरचे ओझे पोटाशी लोंबते आहे हे त्याला कळत नाही, त्याला वाटते काहीतरी अंगाला चिकटले. मग ते उधळते. त्या वेळी बसणाऱ्याचा पाय रिकिबीत अडकलेला असला, तर पुढे काय होते ते सांगायला नको. घरातली पोरेच घोड्यावर अधिक बसतात, हेही ध्यानात ठेवा.

पलटणीतल्या जिनाच्या आत लाकडाचा किंवा धातूचा सांगाडा असतो. आपले खोगीर बहुधा नुसते भरलेले, मऊ, सांगाड्याशिवायचे. त्याचे गुण आहेत : हलके, स्वस्त, कोणत्याही पाठीवर बसते, घरी दुरुस्त होते. हल्ली परदेशातही अशी बिनसांगाड्याची जिने लोक हौसेने वापरतात. पण सांगाडा कण्याच्या दोन्ही बाजूंना पकड घेतो, ती पकड या खोगिराला नसते. म्हणून ते गोल पाठीवर घागरीवरच्या चुंबळीसारखे फिरते.

आपल्या भाषेत निरुपयोगी माणसांच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतात. म्हणणाऱ्याने खोगीर कधी भरले नसावे. कारण सगळे रहस्य त्या भरतीतच आहे. खोगीर उलटे करून पाहा. कण्याच्या दोन अंगांना दोन जाड गाद्या आणि मधे चार बोटे रुंद मोकळी नाळ असली पाहिजे. गाद्या दोन्हीकडे अडकून बसल्या की खोगीर फिरत नाही आणि कण्यावर भारही येत नाही. पुष्कळ ठिकाणी मी पाहतो, ही नाळ नसतेच, सगळी एकच सपाट गादी. ती फिरणारच. भरतीला जुन्या चिंध्या घातल्या तर घामाने त्यांचे गोळे होतात, एक बाजू उंच, एक खाली. कापूसही दबतो. लोकर चांगली, दाबली तरी पुन्हा फुगते. वर्षातून एकदा उसवून, पिंजून, दोन्ही बाजू सारख्या भरून घ्या. हे काम घरच्या बायका पुरुषांपेक्षा नीट करतात, असा माझा अनुभव आहे.

खोगिराखाली काय घालता? लग्नसराईत चकचकीत नायलॉनची झूल थेट पाठीवर टाकलेली दिसते. शोभा होते, पण त्यावर खोगीर साबणासारखे घसरते. झूल वरून घाला. खाली आपली घोंगडीच हवी. तिची खरखरीत लोकर पाठीलाही धरते आणि खोगिरालाही, शिवाय घाम पिते. घोंगडी आधी थोडी पुढे ठेवून मग मागे ओढा, म्हणजे केस सरळ बसतात. आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर ती बोटाने वर उचलून खोगिराच्या नाळेत सारा. तिथे ताणून बसली की दोन दिवसांत कातडी सोलते.

आता तंग. कोपरापासून साधारण चार बोटे मागे तो यावा. पुष्कळ घोडी तंग आवळताना छाती फुगवून धरतात. म्हणून एकदम आवळू नका. अर्धा आवळा, घोडे वीसएक पावले चालवा, मग पुन्हा आवळा. तंगाखाली दोन बोटे सपाट जातील इतकाच असावा. त्यानंतर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली कातडीची घडी राहत नाही. गोल पाठीवर बिननाळेचे खोगीर कितीही आवळले तरी फिरते, उलट तंगाने जखम होते. सुतळीचा किंवा अरुंद तंग तर नकोच, रुंद, मऊ, विणलेला घ्या.

घाटात चढताना खोगीर मागे जाते, त्याला छातीचा पट्टा हवा. उतरताना पुढे येते, त्याला दुमची. पावसाळ्यानंतर हिरवे खाऊन पोट सुटलेल्या तट्टाचा तंगही पुढे सरकून कोपरात रुततो, तिथेही दुमचीच कामास येते. ती शेपटाखाली मऊ आणि स्वच्छ असावी, दोन-तीन बोटे सैल. पण हे दोन्ही पट्टे बाजूला कलणारे खोगीर थांबवीत नाहीत, हे पक्के समजा. आणि क्रम चुकवू नका : चढवताना आधी तंग, मग हे पट्टे, काढताना आधी हे पट्टे, शेवटी तंग. तंग सुटा आणि दुमची अडकलेली, अशा वेळी घोडे दचकले तर खोगीर मागच्या पायांत जाते.

निम्मे वेळा दोष बसणाऱ्याचा असतो. जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय देऊन लोंबकळत चढलात की सगळे वजन एका बाजूला, खोगीर तिथेच अर्धे कलते. ओट्यावरून, बांधावरून चढा. ते नसेल तर दुसऱ्याला उजवी रिकीब खाली दाबून धरायला सांगा. रोज डावीकडून चढल्याने डावीकडचा वाद ताणून लांब होतो, मग माणूस नकळत वाकडा बसतो. महिन्यातून एकदा वाद अदलाबदल करा. बाजाराची पिशवी एकाच बाजूला अडकवायची सवय सोडा. वाटेत खोगीर कललेच तर वर बसून ढकलाढकल करू नका. उतरा, तंग सोडा, घोंगडी झटका, पुन्हा नव्याने बांधा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे नको, खोगीर धरून. अडीचशे किलोचे तट्टू असेल तर 50 किलो. मोठा माणूस आणि वर पोते, हे त्याला झेपणारे नव्हे. बिनसांगाड्याच्या खोगिरात रिकिबीचा ताण थेट पाठीवर येतो, तेव्हा तिच्यात उभे राहून दौडणेही टाळा.

खोगीर काढल्यावर पाठ न पाहता घोडे सोडू नका. सगळीकडे सारखा घाम असेल तर ठीक. ओल्या पाठीत मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब पडतो आहे किंवा गादी टेकतच नाही. हात फिरवून पाहा, घोडे अंग चोरते का. जिथे पांढरे केस उगवले आहेत तिथे पूर्वी मार बसलेला आहे. बाजारात घोडे घेतानाही खोगीर उतरवायला लावून हे पाहावे, विकणारा नाही म्हणाला तर पुढे चालावे.

पाठीला सूज किंवा जखम असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत खोगीर नको, भोक पाडलेली गादीही नको. डागणे तर मुळीच नको. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि बहुधा जीवच घेतो, म्हणून जखम लहान असली तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताची लस टोचली आहे की नाही ते तिथे विचारा.