इतक्या लवकर नाही विरघळले!

‘अमेरिकेत गेलेले नॉर्वेजियन एका पिढीत इंग्रजाळले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पटले नाही. नॉर्वेतील स्टाव्हांगरहून स्थलांतरितांचे पहिले गलबत निघाले १८२५ मध्ये. आयोवातील ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र मात्र १८७४ ते १९७२ चालले! नॉर्वेतल्या एकाच खोऱ्यातले गाववाले अमेरिकेतही शेजारीशेजारी जमिनी घेत. प्रवचन, बाप्तिस्मा, सोयरीक सारे मायबोलीत, इंग्रजी बाजारापुरती. (मिनेसोटात त्यांनी घेतलेल्या जमिनी मुळात डकोटा लोकांच्या, हेही पत्रात यायला हवे होते.) पुढे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी चर्चमध्ये, रेल्वेत, अगदी टेलिफोनवरही परकी भाषा बोलायला मनाई केली. याला आपखुशीने मिसळणे म्हणायचे का?

– एक वाचक, सांगली