सेन्सर म्हणतो ओल आहे, मग ॲव्होकाडो का करपतोय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता ‘स्मार्ट सिंचन’. अर्डुइनो, मातीचा ओलावा मोजणारा स्वस्तातला सेन्सर आणि एक ॲप. डेमोच्या आदल्या रात्री गंमत म्हणून एका कुंडीत मिठाचं पाणी ओतलं, शेजारच्या कुंडीत तेवढंच साधं. मिठाच्या कुंडीतला आकडा बराच वर गेला. सेन्सर खराब असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. सेन्सर खराब नव्हता, हे मला कॅलिफोर्नियाच्या बातम्या वाचताना कळलं.

सॅन डिएगो काउंटीतलं फॉलब्रुक स्वतःला ‘जगाची ॲव्होकाडो राजधानी’ म्हणवतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या आणि शेजारच्या रेनबोच्या मतदारांनी काउंटीची घाऊक पाणी संस्था सोडून शेजारच्या रिव्हरसाइड काउंटीतल्या संस्थेकडून पाणी घ्यायचा कौल दिला. कारण पाण्याचे दर. बागायतदारांना ते परवडेनासे झाले होते.

पाणी महाग झालं की ते मोजून द्यायचं, इथवर ठीक. राज्याची हवामान केंद्रं, सिमिस नावाची, १९८२ पासून आहेत. बाष्पीभवनाचा रोजचा आकडा फुकट मिळतो. ॲप हिशोब करतं: आज झाडाला १०० लिटर लागतील. तुम्ही बरोबर १०० देता. गोची इथेच आहे.

या भागात येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा कोलोरॅडो नदीचा, आणि तिच्या १००० लिटर पाण्यात ६०० ग्रॅमच्या आसपास क्षार विरघळलेले असतात. झाड पाणी पितं, क्षार बहुतेक मुळांपाशीच सोडतं. ॲव्होकाडोची मुळं उथळ आणि क्लोराइडच्या बाबतीत फार नाजूक. मातीची ईसी, म्हणजे क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, १.३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. पानांची टोकं करपतात, मग पानं गळतात. माती ओली असते, पण क्षार पाणी धरून ठेवतात आणि मुळांना ते ओढता येत नाही.

उपाय जुनाच आहे: थोडं जास्त पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढायचे. किती जास्त? पाण्याची ईसी १ धरा. तिला, मातीच्या मर्यादेच्या पाचपटीतून पाण्याची ईसी वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा. १ भागिले ५.५, म्हणजे साधारण १८ टक्के पाणी मुळांच्या खाली निघून जायला हवं. १०० लिटरच्या जागी १२२. हिवाळ्यातला चांगला पाऊस हे काम फुकटात करतो, दुष्काळी वर्षी करत नाही. आणि सतत जास्त पाणी दिलं, निचरा नसला, तर मूळकूज टपलेलीच आहे.

म्हणून मला ‘आमच्या ॲपने इतकं पाणी वाचलं’ या जाहिराती अर्धवट वाटतात. वाचलेलं ते पाणी क्षार धुणारं तर नव्हतं ना? त्यात स्वस्त सेन्सर खारट मातीला जास्त ओली समजतात. म्हणजे जिथे धुणं सर्वात गरजेचं, तिथेच ॲप ‘पाणी पुरे’ म्हणणार. दर कमी झाला म्हणून पाण्यातले क्षार कमी होत नाहीत. पण धुण्यासाठीचं पाणी परवडतं. फॉलब्रुकच्या मतदानाकडे मी असं बघतो. इस्रायलमध्ये क्षार सोसणाऱ्या वेस्ट इंडियन खुंटांवर कलमं करतात, तो रस्ताही आहे. पण उभी बाग उपटून नवी लावायची म्हणजे काही वर्षं उत्पन्न नाही.

असं ॲप किंवा सेन्सर घरच्यांसाठी घेणार असाल तर एकच विचारा: मुळांच्या खोलीवर ईसी मोजता का? आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालातही पीएचशेजारी ईसी असते. फक्त तो आकडा १.३ शी थेट ताडू नका. आपल्याकडे ती सहसा माती बऱ्याच पाण्यात ढवळून मोजतात, म्हणून कमी दिसते, १.३ हा पाण्याने जेमतेम संपृक्त केलेल्या मातीच्या अर्काचा आकडा आहे.