तळ्याकाठचा बंगला आणि गाळपेरीची ज्वारी



पेपरात हल्ली एक जाहिरात नेमाने येते. निळेशार पाणी, पाण्याला लागून हिरवळ, हिरवळीवर वेताच्या दोन खुर्च्या आणि खुर्च्यांत पांढऱ्या केसांचे एक जोडपे. खाली मजकूर असा की निवृत्तीनंतरचे आयुष्य पाण्याकाठी घालवा, शहरापासून तासाभराच्या अंतरावर. पुण्यामुंबईकडची ही हौस आता आपल्याकडे येऊ घातली आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयाकडे डोळा ठेवून, लातूरकडे मांजरेच्या अंगाने, प्लॉट पाडू पाहणारे दलाल बांधाबांधाने फिरू लागले आहेत. मागच्या बैठकीत एका शिक्षकाने आम्हाला सरळच विचारले, म्हाताऱ्या माणसाने पाण्याकाठी घर बांधले तर तुमच्या पोटात का दुखते?

प्रश्न रास्त आहे. पोटात दुखत नाही. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून ज्याने चार पैसे गाठीला बांधले, त्याने ते कुठे घालावेत हे सांगणारे आम्ही कोण? आमचे विचारणे वेगळे आहे. पाणी कुणाचे, काठ कुणाचा आणि त्या काठाला चढलेला भाव कुणाच्या खिशात जातो, एवढेच आम्ही विचारतो.

आपल्या राज्यात शहराजवळ पाण्याचा काठ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. समुद्र सोडला तर निसर्गाने दिलेली मोठी तळी आपल्याकडे जवळपास नाहीत. लोणारचे आहे, तर त्याचे पाणी खारे. बाकी जाहिरातीतला प्रत्येक काठ धरणाचा आहे. मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव, नाशिकचे गंगापूर, पैठणचा नाथसागर, धनेगावचे मांजरा, आपले विष्णुपुरी. धरणाचा काठ आभाळातून पडत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने 'सार्वजनिक हितासाठी' म्हणून नदीकाठची खोल काळी जमीन घेतली, ती बुडाली, आणि वर उरलेला मुरमाड माळ काठ झाला. ज्या माळावर धड तूर येत नव्हती त्याला आज 'व्ह्यू' म्हणतात. तो व्ह्यू आपल्या बुडालेल्या जमिनीचा आहे!

मुळशीचे उदाहरण घ्या. १९२१ साली टाटांच्या वीजधरणाविरुद्ध मावळे उठले, सेनापती बापटांनी नेतृत्व केले, लोक तुरुंगात गेले. धरण झालेच. भीमेच्या खोऱ्यातले ते पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला विजेसाठी जाते, आणि त्याच मुळशीच्या काठावर आज शहरवाल्यांचे बंगले आणि रिसॉर्ट आहेत. पवनेचेही तसेच. पवनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन दोन पिढ्या रखडले. धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तर ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन माणसे मेली. पाण्यासाठी शेतकऱ्याला गोळी आणि त्याच पाण्याशेजारी शहरवाल्याला तंबू, होडी आणि सुट्टीचा बंगला, असा तो हिशेब आहे.

लवासाची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे दलाल तिचेच स्वप्न विकतात. सरकारने १९९६ साली खासगी कंपन्यांना थंड हवेची ठिकाणे वसवण्याचे नियम काढले. २००१ साली पुण्यापलीकडच्या मोसे खोऱ्यातली १८ गावे त्या नियमांखाली आणली. वरसगाव धरणासाठी शेतकऱ्यांकडून घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे १४१ हेक्टर जमीन कृष्णा खोरे महामंडळाने २००२ मध्ये कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. आता नीट बघा. जमीन घेताना कारण सांगितले सार्वजनिक पाण्याचे, देताना कारण झाले खासगी गावाचे. शेतकऱ्याकडून घेताना सरकारला कायदा सापडला, परत द्यायची म्हटली तर शेतकरी सापडला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवले, वर्षभराने अटी घालून पुन्हा परवानगी दिली. तिथे ज्येष्ठांसाठी म्हणून खास वसाहतही निघाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. निवृत्तीचा फंड घालून घर घेतलेली माणसे तेव्हापासून आपला दावा हातात घेऊन धनकोंच्या रांगेत उभी राहिली. म्हणजे मोसे खोऱ्यातला कातकरी आणि शेतकरीही फसला आणि पुण्यामुंबईचा पेन्शनरही फसला. म्हणूनच आम्ही पेन्शनरला शत्रू मानत नाही.

आता शेतीशास्त्रातली एक साधी गोष्ट. आमच्यातल्या काहींनी त्याची पदवी घेतली आहे, पण ती सांगायला पदवी लागत नाही, कोणताही गुराखी सांगेल. धरणाचा काठ एका जागी थांबत नाही. भाद्रपद-अश्विनात तो भरलेला असतो, जाहिरातीचे फोटो तेव्हाच काढतात. कार्तिकापासून रब्बीची आवर्तने सुटतात, शहराचा उपसा चालूच असतो, फाल्गुनानंतर ऊनही पाणी खाते. चैत्र-वैशाखात, म्हणजे शहरातला माणूस ज्या दिवसांत उन्हाळी घरी राहायला येणार त्याच दिवसांत, पाणी लांब आत गेलेले असते आणि त्याच्या अंगणासमोर भेगाळलेला गाळ असतो. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरले नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून पिण्याचे पाणी आणणाऱ्या शहराच्या धरणाकाठी उन्हाळी बंगला! हे स्वप्न विकायला जीभ कशी वळते?

यावर दलालाकडे उत्तर तयार असते. तो म्हणतो, पाणी अडवून ठेवता येते. लवासात दासव्याला वेगळा बंधारा बांधून गावासमोरचे तळे भरलेले ठेवलेच की! खरी मेख इथे आहे. काठावर शे-दोनशे वजनदार माणसांची घरे झाली, त्यात निवृत्त सचिव, निवृत्त अभियंते, डॉक्टर आले, की समोरचे पाणी खाली जाऊ नये अशी इच्छा त्यांना होणारच. त्यात त्यांची दुष्टाई नाही, माणसाचा स्वभाव आहे. पण ती इच्छा पाटबंधारे खात्याच्या टेबलावर पोचायला एक फोन पुरतो. आपल्या हरभऱ्याच्या आवर्तनाचा अर्ज मात्र शाखा कार्यालयात धूळ खात असतो. गोदावरीवर आपण हे आधीच भोगले आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला हक्काचे पाणी सोडा म्हणायला २००५ चा कायदा, नियमन प्राधिकरण आणि उच्च न्यायालय एवढी उतरंड चढावी लागली. त्यात आता काठावरच्या बंगल्यांची भर नको.

आणि गाळपेर! हा विषय पुण्याच्या जाहिरातवाल्याला ठाऊकच नाही. पाणी उतरते तसतशी ओल मागे राहते, त्या ओलीवर हरभरा, करडई, ज्वारी होते, उन्हाळ्यात टरबूज-काकडी होते. वरून खत घालावे लागत नाही, गाळ हेच खत. (फवारणी तिथे अजिबात करू नये. ते पाणी प्यायचे आहे, हे आपणही पाळले पाहिजे.) कोरडवाहू रानात ज्या वर्षी कणसात दाणा भरत नाही, त्या वर्षी गाळपेरीची ज्वारी घर तारते आणि कडबा जनावरे तारतो. ही जमीन पाटबंधारे खाते हंगामापुरती भाड्याने देते आणि त्यात पहिला मान धरणग्रस्ताचा आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. ज्याची जमीन बुडाली त्याला वर्षातले चार-पाच महिने तिचे तोंड दिसावे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या भागातल्या एका तलावावर प्लॉटवाल्याने तारेचे कुंपण थेट पाण्यापर्यंत नेले. गुरांची वाट बंद झाली, गाळपेर करणाऱ्या पाच घरांना वळसा पडला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, 'सुरक्षेसाठी.' गुरे पाणी पितात त्यात सुरक्षेला कसला धोका?

'शेतकरी राजीखुशीने विकतो,' असे म्हणतात. राजी असेल, खुशी कसली? २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये, मालदांडीचा ३,७४९, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१०. मोंढ्यात सरसकट तो मिळाला असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला जरूर बैठकीला आणा, सत्कार करू. त्याच हंगामात, कापूस अजून झाडावर असताना, १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेर लांबवली. मागून सप्टेंबरची अतिवृष्टी. अशा माणसापुढे दलाल नोटांची पिशवी ठेवतो आणि सहीला खुशी म्हणतो.

शिवाय कायदाही त्याच्याच सोयीचा. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आहे, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा. ऐकायला हे संरक्षण वाटते. व्यवहारात काय होते? पेन्शनर तुमच्याकडे सरळ येऊ शकत नाही, त्यामुळे त्याचा भाव तुम्हाला कळतच नाही. सातबारावर नाव असलेला दलाल मध्ये उभा राहतो. तुमच्याकडून एकराने घेतो, अकृषिक करून फुटाने विकतो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. हा गुणाकार घरी गेल्यावर लेकराकडून करून घ्या, म्हणजे आपण कुठे बुडतो ते कळेल. धरणात बुडालो त्यापेक्षा खोल.

म्हातारपण फक्त पगारदारालाच येते का? १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या सरकारी नोकराला जुनी पेन्शन आहे, नंतर लागलेल्यांनी तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप केला. त्यांनी मागावी, आमची ना नाही. शेतकऱ्यासाठी २०१९ साली मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयाच्या अल्पभूधारकाने महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, मग साठीनंतर महिना ३,००० रुपये. त्या वर्षी जो एक्केचाळिशीत होता तो कायमचा बाहेर. म्हणून आपल्याकडे सत्तरीचा बाप निंदणीला जातो आणि त्याची निवृत्ती खाटेवरच होते. त्याच्याकडे म्हातारपणाची ठेव एकच, ती जमीन. ती एकराच्या भावाने गेली की त्याचे म्हातारपणच गेले.

आणि पाण्याकाठी घर म्हणजे काय ते मुखेड तालुक्याला विचारा. लेंडी प्रकल्पाच्या पाण्यात पुनर्वसन पुरे होण्याआधीच १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री हसनाळ, रावनगाव, भासवाडी ही गावे सापडली. लष्कर बोलवावे लागले. हसनाळमध्ये माणसे गेली, दावणीची जनावरे दावणीलाच बुडाली. त्या काठाची जाहिरात कुणी काढत नाही.

आमचे म्हणणे असे आहे. गाळपेरीच्या हद्दीत आणि गुरांच्या वाटेवर एकही कुंपण चालणार नाही. धरणासाठी घेतलेली आणि न बुडालेली जमीन कंपनीला द्यायची असेल, तर आधी मूळ मालकाला विचारा. संपादित जमीन पाच वर्षे वापराविना पडली तर ती मूळ मालकाला परत द्यावी किंवा सरकारी भूमी बँकेत ठेवावी, असे २०१३ च्या कायद्यात लिहिले आहे. आपली धरणे त्याआधीची, म्हणून त्याचा आपल्याला थेट उपयोग नाही. पण भूमी बँकेची पळवाट काढून तेच तत्त्व जुन्या धरणांना लावा, ही मागणी आपण करू शकतो. आणि काठावरचा माळ पेन्शनरला हवाच असेल तर शेतकऱ्याने तो विकू नये, पूररेषेच्या वरच्या अंगाला मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावा, भाडे फुटाच्या हिशेबाने घ्यावे. दलालाशिवाय असा करार करता यावा म्हणून परवानगी सोपी करा, एवढे सरकारला सांगू. पेन्शनरचेही त्यात भले आहे. त्याला पंधरा-वीस वर्षे राहायचे आहे, सात पिढ्या नाही, आणि त्याचा फंडही कंपनीच्या दिवाळ्यात अडकत नाही.

जिल्हा बैठकीला येताना धरणकाठच्या गावांनी सातबारा आणि आठ-अ, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आणि असल्यास मोजणीचा नकाशा आणावा. नक्कल हरवली असेल तर भूसंपादन अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करता येतो, त्याचा नमुना बैठकीत मिळेल. आपल्या तलावावर कुणी प्लॉट पाडले असतील तर गट नंबर लिहून आणा. गाळपेरीचे अर्ज पाणी उतरायच्या आत शाखा कार्यालयात द्या, आणि शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय तिथून उठू नका.