मुलीच येत नाहीत, हे कारण पुरेसे नाही



‘कोडिंगच्या शाळा वाढत आहेत, पण मुलीच अर्ज करत नाहीत, शाळांनी काय करावे?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल वस्तुस्थितीला धरून नाही.

न्यूयॉर्कच्या ‘हॅकर स्कूल’ या कोडिंगच्या शाळेत, म्हणजे आजच्या ‘रिकर्स सेंटर’मध्ये, शिक्षण मोफतच होते. तरीही २०१२च्या एका तुकडीत २० जणांत एकच स्त्री होती. मग ‘एट्सी’ कंपनीने स्त्रियांना राहण्याखाण्यासाठी प्रत्येकी ५,००० डॉलरच्या १० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्या उन्हाळ्यातील तुकडीत ५१ जणांत २३ स्त्रिया होत्या.

वातावरणाचाही तेथे विचार झाला. “काय! तुला टर्मिनल माहीत नाही?” असे आश्चर्य दाखवायला नियमानेच मनाई आहे, म्हणजे नवख्याला प्रश्न विचारताना ओशाळायला नको.

आपल्याकडील शाळाचालकांनीही खर्चाची सोय आणि असे लेखी नियम येत्या सत्रापासूनच करावेत.

— एक वाचक, पुणे